पॅडच्या आधी प्लेट: पॉलिशिंग मशीनसाठी बॅकिंग प्लेट आणि पॅड निवडताना

पॉलिशिंग मशीन घेताना लोक वॉट बघतात, कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट) घेताना कंपनी बघतात आणि पॅड घेताना रंग. मशीन आणि पॅड यांच्या मधे बसणारी काळी चकती, म्हणजे बॅकिंग प्लेट, मात्र खोक्यात आली तीच चालवली जाते. ती झिजली की दुकानात ‘पाच इंची द्या’ म्हणून दुसरी आणायची, की झालं. मग मशीन हातात थरथरतं, पॅडची कड फाटते, बॉनेटवर टेकवलं की फिरायचं थांबतं, आणि बोल कंपाउंडला लागतात. मशीन कुठल्या जातीचं, आटे कुठले, प्लेटचा व्यास किती, तिची गादी किती मऊ, आणि मग पॅड, हा क्रम धरला तर पैसे वाया जात नाहीत. पॅडपासून उलटं निघालात तर कपाटात न बसणाऱ्या चकत्यांचा ढीग साठतो.

मशीन ओळखा

गॅरेजमध्ये ज्याला नुसतं ‘बफिंग मशीन’ म्हणतात ते बहुतेक वेळा रोटरी असतं. प्लेट स्पिंडलवर, म्हणजे मशीनच्या फिरणाऱ्या दांड्यावर, सरळ बसते आणि एकाच जागी गोल फिरते. मिनिटाला ६०० ते २,००० फेऱ्यांत पॉलिशिंगचं सगळं काम होतं. रोटरी झपाट्याने कापतं, म्हणजे रंगाचा वरचा थर घासून काढतं, पण उष्णता एका जागी साठवतं आणि अनुभव नसेल तर उन्हात दिसणारे गोल पट्टे, म्हणजे होलोग्राम, मागे ठेवतं.

डीए म्हणजे ड्युअल ॲक्शन. यात प्लेट स्वतःभोवती फिरते आणि शिवाय तिचं केंद्रही एका लहान वर्तुळात फिरत असतं. त्या लहान वर्तुळाचा व्यास म्हणजे ‘थ्रो’. तो ८, १२, १५, २१ मिलिमीटर असा मशीनवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेला असतो. साध्या डीएमध्ये स्वतःभोवतीचं फिरणं मोकळं असतं. मोटर त्याला थेट ढकलत नाही, त्यामुळे दाब जास्त झाला किंवा मशीन कललं की फिरणं थांबतं आणि नुसतं थरथरणं उरतं. हा दोष नव्हे, नवशिक्याला वाचवणारी सोय आहे. तिसरी जात गिअरवाल्या डीएची. ते दाबलं तरी थांबत नाही, पण त्याची प्लेट त्याच मशीनची लागते, बाहेरची बसत नाही. असं मशीन असेल तर आट्यांचा पुढचा भाग सोडून दिलात तरी चालेल.

आता ग्राइंडरबद्दल, कारण ही चूक सर्रास होते. घरी चार इंची अँगल ग्राइंडर असतो. त्याला अडॅप्टर लावून वेल्क्रोची प्लेट बसवता येते, आणि ती बसते म्हणून लोक बसवतात. हा ग्राइंडर बिनभाराचा मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे मारतो. दीडशे मिलिमीटरच्या पॅडचा परीघ साधारण ४७ सेंटिमीटर. हिशेब केला तर पॅडची कड ताशी ३१० किलोमीटरने पळते. तोच पॅड १,५०० फेऱ्यांवर ताशी ४२ किलोमीटरने पळतो आणि तेवढ्यात कंपाउंड उत्तम कापतं. जवळपास प्रत्येक प्लेटच्या पाठीवर कमाल फेरे छापलेले असतात, ते वाचा. ती मर्यादा ओलांडली की वेल्क्रोचे हुक वितळतात, पॅड सुटून भिरकावला जातो, आणि तो सुटला नाही तर क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जळतो. वेग कमीजास्त करण्याची चकती असलेला ग्राइंडरही बहुधा २,८०० च्या खाली येत नाही. पॉलिशिंगला तोही नको.

आटे: दोन मिनिटांची तपासणी

आपल्याकडे मिळणाऱ्या सात इंची रोटरीवर बहुतेक एम १४ चा स्पिंडल असतो, म्हणजे १४ मिलिमीटर व्यास आणि दोन आट्यांत २ मिलिमीटर अंतर. चार इंची ग्राइंडरवर एम १०. अमेरिकेतून मागवलेल्या किंवा तिकडच्या बाजारासाठी बनलेल्या रोटरीवर पाच-अष्टमांश इंच, एका इंचात ११ आटे. हे माप जवळजवळ १५.९ मिलिमीटर भरतं. घोळ इथेच होतो. एम १४ ची प्लेट अमेरिकी स्पिंडलवर चढतच नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. उलट पाच-अष्टमांशची प्लेट एम १४ स्पिंडलवर सैलसर सरकते आणि बसल्यासारखी वाटते. मशीन सुरू झालं की ती डुलायला लागते आणि एखाद वेळी निसटते. प्लेट हातानेच घट्ट होत जाऊन शेवटी स्पिंडलच्या खांद्याला पूर्ण टेकली पाहिजे. मधे फट दिसली तर ती प्लेट परत करा.

डीएचं उलट असतं. बहुतेक मशीनमध्ये भोक स्पिंडलात आणि आट्यांची काडी प्लेटला. ही काडी एम ८ ची किंवा पाच-सोळांश इंच, एका इंचात २४ आट्यांची. दोन्हींचा व्यास डोळ्यांना सारखाच दिसतो, ८ आणि ७.९४ मिलिमीटर. पण आट्यांतलं अंतर एकात १.२५ आणि दुसऱ्यात १.०६ मिलिमीटर. म्हणून चुकीची काडी एक-दोन फेरे सहज आत जाते आणि मग अडकते. अडकली की लोक पाना लावतात आणि मशीनच्या आतले आटे कापून टाकतात. आटे गेले म्हणजे नवा स्पिंडल आला, आणि तो प्लेटच्या कितीतरी पट महाग पडतो.

नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत नट-बोल्टच्या कोणत्याही दुकानातून एम ८ चा साधा बोल्ट आणा. त्याच्या डोक्याला १३ नंबरचा पाना लागतो. मशीनचा प्लग काढा आणि बोल्ट स्पिंडलच्या भोकात नुसत्या दोन बोटांनी फिरवा. चार-पाच फेरे अलगद आत गेला तर तुमचं मशीन एम ८ चं. दुसऱ्या फेऱ्याला अडला तर इंची आटे आहेत. तिथेच थांबा, जोर लावू नका. रोटरीसाठी हीच परीक्षा एम १४ च्या नटाने घ्या. हा बोल्ट आणि नट मशीनच्या खोक्यातच ठेवून द्या, पुढची प्लेट घेताना दुकानात ताडून बघायला कामाला येतात.

काही मशीनवर प्लेट मधोमध ॲलन बोल्टने कसलेली असते, बहुधा सँडरच्या जातीच्या. तिथे आट्यांपेक्षा भोकांची जुळणी आणि मधल्या खोबणीचा आकार महत्त्वाचा. जुनी प्लेट हातात धरून नवीशी जुळवल्याशिवाय घेऊ नका.

व्यास

पॅड प्लेटपेक्षा मोठा हवा, फार मोठा नको. १२५ मिलिमीटरच्या प्लेटवर १४० ते १५० चा, १५० च्या प्लेटवर १६५ ते १८० चा आणि ७५ च्या प्लेटवर ८० ते ९० चा पॅड. म्हणजे मोठ्या पॅडची कड सगळीकडून साधारण पाऊण ते दीड सेंटिमीटर बाहेर, छोट्याची निदान काही मिलिमीटर. ही बाहेर आलेली कड म्हणजे तुमचा बंपर. दाराच्या हँडलच्या खोबणीत किंवा काचेच्या रबराला मशीन लागलं तर आधी फोम लागतो, प्लेट नाही. पॅड आणि प्लेट एकाच मापाचे लावले की प्लेटची कडक कड रंगाला घासते आणि चंद्रकोरीसारखा ओरखडा उठतो. तो ओरखडा पॉलिशने जात नाही, कारण तो पॉलिशचा नसतोच.

उलट टोकाला १२५ च्या प्लेटवर १८० चा पॅड लावला तर दाब फक्त मधल्या भागावर येतो आणि कड हवेत फडफडते. कापणं मधेच होतं, तिथेच पॅड तापतो, आणि वेल्क्रो कडेकडून उचकटत येतं. ‘पॅड हलका निघाला’ ही तक्रार ऐकली की आधी प्लेट मोजावी.

डीएमध्ये व्यासाला आणखी एक मालक आहे: मशीनच्या पोटातलं प्रतिवजन. प्लेटचं केंद्र सतत बाजूला पळत असतं. तो तोल सांभाळायला आत एक वजन बसवलेलं असतं, आणि ते ठरावीक प्लेट आणि पॅडच्या वजनासाठी मोजून बसवलेलं असतं. १५ मिलिमीटर थ्रोच्या मशीनला सहसा १२५ ची प्लेट, २१ च्या मशीनला १५० ची. २१ च्या मशीनला हौसेने ७५ ची हलकी प्लेट लावली की हाताला मुंग्या येईपर्यंत थरथर होते आणि बेअरिंग लवकर जातं. काही कंपन्या लहान प्लेटबरोबर वेगळं प्रतिवजन देतात. तसं असेल तर दोन्ही एकत्र बदला. नाहीतर लहान जागांसाठी लहान मशीनच घ्या. रोटरीला ही अडचण नाही, तिथे लांब एक्स्टेन्शन घालून ५० किंवा ७५ ची प्लेट खुशाल लावता येते.

गादी, वॉशर आणि मार्करची रेघ

प्लेट कापून बघितली तर तीन थर दिसतील. पाठीमागे कडक प्लॅस्टिक किंवा फायबर, मधे युरेथेनची गादी, पुढे वेल्क्रोचे हुक. गादी कडक असेल तर दाब सरळ पॅडला जातो. बोलेरोच्या उभ्या सपाट दारांवर किंवा छतावर अशी प्लेट चोख काम करते. गोलाकार फेंडर, उठावाच्या रेघा, बंपरचे कोपरे आले की कडक प्लेट फक्त उंचवट्यावर टेकते आणि तिथलाच रंग खाते. तिथे मऊ कडेची प्लेट हवी. अंगठा आणि बोटांत कड धरून वाकवून बघा. अंगठ्याच्या दाबाने कड थोडी वाकून लगेच परत आली पाहिजे. वाकतच नसेल तर ती सपाट पत्र्यासाठी, आणि वाकून तशीच राहत असेल तर कोणासाठीच नाही. रोटरीवर मऊ प्लेट चुका झाकते, म्हणून शिकताना तीच घ्यावी. डीएवर मात्र फार मऊ प्लेट आणि वर जाड पॅड असं झालं की थ्रो फोममध्येच जिरतो. मशीन नाचतं, पण पॅडचा तळ रंगावर जागचा हलत नाही.

नवी प्लेट लावली की तिची पाठ आणि मशीनचं आवरण यांतलं अंतर बघा. एक-दोन मिलिमीटर फट दिसली पाहिजे. प्लेट आवरणाला घासत असेल तर काळी भुकटी पडते आणि जळक्या रबराचा वास येतो. तेव्हा आट्यांच्या मुळाशी एक मिलिमीटरचा पातळ वॉशर घाला. तीन-चार वॉशर रचू नका, आट्यांची पकड कमी होते. याला एक अपवाद आहे. काही डीएच्या तोंडाशी रबरी कडं असतं आणि ते प्लेटला मुद्दाम हलकं टेकवलेलं असतं. मशीन हवेत उचललं की प्लेट भन्नाट वेग घेऊ नये म्हणून तो ब्रेक आहे. तिथे वॉशर घातला तर ब्रेक सुटतो, आणि मशीन उचलताच कंपाउंडचे शिंतोडे शेजारच्या गाडीपर्यंत जातात.

आता प्लेटच्या कडेवर पाठीकडून पांढऱ्या पेंट मार्करने एक जाड रेघ मारा. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट. पॅड लावा, बॉनेटवर टेकवा, डायल सहापैकी पाचावर घ्या आणि रेघ बघा. ती धूसर गोल दिसत असेल तर प्लेट फिरते आहे. रेघ एका जागी थरथरताना स्पष्ट दिसली तर फिरणं थांबलं. मनगट थोडं उचला, म्हणजे पॅड सपाट होईल, दाब किंचित कमी करा, आणि रेघ पुन्हा विरघळेल. फेंडरच्या वळणावर रेघ कुठे थांबते आणि पुन्हा कुठे पळते हे दहा मिनिटं बघितलं की हाताला आपोआप कळतं. दाब किती द्यायचा ते कळत नसेल तर घरचा वजनकाटा जमिनीवर ठेवा, त्यावर जुना टॉवेल घाला आणि बंद मशीन दाबून बघा. मशीनच्या वजनासकट काटा चार-पाच किलोंवर आला की कापण्याच्या फेरीला पुरे. शेवटच्या फेरीला मशीनचं स्वतःचं वजनच पुष्कळ झालं.

पॅड: रंग नव्हे, बोट

पॅडचा रंग बघून विकत घेणं सोडा. रंगांचं एकमत नाही. रूपेसचा पिवळा फोम बारीक कामाचा, तर लेक कंट्रीचा पिवळा कापण्याचा. थ्रीएमचा काळा पॉलिशिंगचा, लेक कंट्रीचा काळा शेवटच्या फिनिशचा. एका कंपनीचा तक्ता पाठ करून दुसऱ्या कंपनीचा पॅड लावला तर फिनिश करायच्या वेळी जाळी, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे, ओढून बसाल. पॅड दोन बोटांत दाबा. कापणारा फोम कडक लागतो, त्याची छिद्रं उघडी आणि खरखरीत असतात. फिनिशचा फोम दाबला की आत जातो आणि सावकाश फुगतो, पृष्ठभाग मखमलीसारखा. मधला पॉलिशिंग पॅड या दोघांमध्ये. एका कंपनीचे तीन दर्जे घ्या आणि त्यांनाच चिकटून राहा, म्हणजे तुलना करता येते.

जाडी मशीनवर ठरते. डीएला, त्यातही लांब थ्रोच्या, २० ते २५ मिलिमीटरचा पातळ पॅड. रोटरीला ३० ते ४० चा जाड, कारण तिथे उष्णता आणि कलणं दोन्ही फोमला पचवावं लागतं. पॅडच्या मधोमध भोक असेल तर घ्याच. त्यातून उष्णता निघते, आणि पॅड प्लेटवर नीट मधोमध बसला की नाही हे त्यातून डोळ्यांनी दिसतं. पाच मिलिमीटरने सरकलेला पॅडही डीएचा तोल घालवतो.

लोकरीचा पॅड सगळ्यात जलद कापतो आणि तंतूंमधून हवा खेळत असल्याने फोमइतका तापत नाही. नव्या रंगकामावर दोन हजारचा वॉटर पेपर मारल्यावर त्याच्या रेघा काढायला तोच बरा. पिळाच्या लोकरीचा काप जास्त, सरळ मऊ लोकरीचा कमी. पण रोटरीवर लोकर वापरली की मागे होलोग्राम राहणारच, फोमची एक फेरी त्यावर हवीच. ‘रबिंग केलं आणि चमकली’ म्हणून रात्री ट्यूबलाइटखाली दिलेली गाडी दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडच्या उन्हात जी गोल वलयं दाखवते, ती ही राहिलेली फेरी. डीएसाठी आखूड लोकरीचे वेगळे पॅड मिळतात, रोटरीचा लांब लोकरीचा पॅड डीएवर लावू नका.

मायक्रोफायबरचा पॅड डीएवर लोकरीची जागा घेतो. कडक क्लिअरकोटवर तो फोमपेक्षा कितीतरी लवकर जाळी काढतो. मऊ रंगावर मात्र, विशेषतः काळ्या आणि गडद निळ्यावर, धुरकट पट्टा सोडतो. शिवाय तंतू कंपाउंडने आणि उडालेल्या रंगाने चटकन भरतात. प्रत्येक चौकटीनंतर (एका वेळी पॉलिश करायला घेतलेल्या तुकड्यानंतर) ब्रश मारला नाही किंवा कॉम्प्रेसरची हवा दिली नाही, तर तिसऱ्या चौकटीपासून तो कापत नाही, घासतो.

कुठला पॅड हे शेवटी रंग ठरवतो. बॉनेटवर ४५ बाय ४५ सेंटिमीटरची चौकट मास्किंग टेपने आखा. सुरुवात मधल्या पॅडने आणि बारीक पॉलिशने करा. नव्या पॅडच्या तोंडावर पॉलिशचा पातळ थर बोटाने चोळून घ्या, कोरडा पॅड रंगावर ओरखडे काढतो. मग हरभऱ्याएवढे चार थेंब. एक नंबरवर पसरवा, चार-पाचवर आडव्या-उभ्या मिळून चार ते सहा फेऱ्या, हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर सरकेल इतका सावकाश. पुसून टॉर्चखाली बघा. जाळी राहिली तर आधी पॅड बदला, कंपाउंड नंतर. दोन्ही एकदम बदलले तर कशाने काम झालं ते कळत नाही.

पांढऱ्या फडक्यावर किंवा पॅडवर गाडीचाच रंग आला तर घाबरू नका, पण थांबा. जुन्या किंवा व्यावसायिक गाड्यांवर क्लिअरकोट नसलेला एकथरी रंग असू शकतो. तिथे रंग पॅडवर येणं साहजिक आहे. क्लिअरकोटच्या गाडीवर मात्र रंग पॅडवर आला म्हणजे वरचा थर संपला. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात आणि त्यात क्लिअरकोट जेमतेम ३५ ते ५०. जाडी मोजायचं यंत्र असेल तर कापणारा पॅड हातात घेण्याआधी प्रत्येक पत्रा मोजा. एखाद्या दारावर २०० च्या वर आकडा आला तर ते पुन्हा रंगवलं आहे, ५०० च्या वर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली असणार. अशा जागी कंपनीच्या रंगाचे नियम लागू नाहीत. गॅरेजचा रंग पुष्कळदा मऊ असतो, आणि जाड असला तरी त्यातला क्लिअरकोट किती ते आकडा सांगत नाही.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, किंवा दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागेच्या कडेला उभ्या राहिलेल्या गाडीवरचे फवारणीचे ठिपके, पॅडने काढायला जाऊ नका. वरचा क्षार आधी डाग काढायच्या सौम्य आम्लयुक्त द्रावाने विरघळवा. नाहीतर तो पॅडमध्ये अडकतो आणि पुढच्या प्रत्येक फेरीला वाळूसारखा घासतो. क्षार गेल्यावर जो खड्डा उरेल तोच पॅडचा.

ऊन, थंडी आणि कोपरे

एप्रिल-मेत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उन्हातल्या गडद बॉनेटवर हात टिकत नाही. अशा पत्र्यावर कंपाउंड टेकवताच वाळतं, पॅड चिकटतो आणि उड्या मारतो. गाडी सावलीत आणा, पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. काम चालू असतानाही हाताची पाठ लावून बघत जा, सहन होत नसेल तर पुढच्या चौकटीकडे वळा. प्लॅस्टिकच्या बंपरवर दुप्पट सावध. पत्र्यासारखी उष्णता तो पसरवत नाही, ती रंगातच साठते. तिथे ८० मिलिमीटरचा पॅड, कमी वेग, हलका हात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे सकाळी पारा एक आकडी असतो तेव्हा उलट होतं. फोम कडक झालेला असतो आणि पॉलिश घट्ट. पॅड एक-दोन मिनिटं कमी वेगावर रंगावर फिरवून कोमट करा, मग काम.

पत्र्याच्या धारदार कडांवर, उठावाच्या रेघांवर रंग सगळ्यात पातळ असतो. तिथे टेप लावा. रोटरी असेल तर पॅडची फिरणारी बाजू कडेवरून बाहेर जाईल असं धरा, कडेवर चढेल असं नाही. दाराच्या हँडलमागे, थारच्या बाहेर दिसणाऱ्या बिजागऱ्यांभोवती मोठा पॅड घुसवण्याची हाव नको. ५० ची प्लेट नसेल तर हाताने करा.

किती पॅड आणि धुणं

एका पॅडमध्ये एक गाडी होत नाही. मध्यम गाडीला कापण्याचे चार ते सहा फोम पॅड, पॉलिशिंगचे तीन-चार आणि फिनिशचे दोन-तीन धरा. दर एक-दोन पत्र्यांनंतर पॅड बदलायचा, कारण तापलेला आणि भरलेला फोम मऊ पडतो, मधे खड्डा पडतो आणि गोंद सुटतो. पॅड काढताना फोम धरून ओढू नका. बोटं वेल्क्रोच्या खाली घालून कडेपासून सोलत काढा. जमिनीवर पडलेला पॅड धुतल्याशिवाय पुन्हा लावू नका. रस्त्याच्या कामांची बारीक वाळू दिसत नाही, पण रंगाला ती लगेच कळते.

काम संपलं की लगेच कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुवा. वाळलेलं कंपाउंड फोमच्या छिद्रांत सिमेंटसारखं बसतं. उकळतं पाणी नको, गोंद विरघळतो. हाताने पिळू नका, दाबून पाणी काढा. उरलेलं पाणी काढायला पॅड मशीनवर लावून, तोंड रिकाम्या बादलीत धरून, कमी वेगावर काही सेकंद फिरवा. मग फोमचं तोंड खाली आणि वेल्क्रो वर ठेवून जाळीवर, सावलीत वाळवा, म्हणजे पाणी गोंदाच्या थरात उतरत नाही. पावसाळ्यात दोन दिवसांतही पॅड वाळत नाही आणि कुबट वास येतो. तेव्हा पंख्याखाली ठेवा. पूर्ण वाळल्याशिवाय झाकणाच्या डब्यात भरू नका. लोकर धुतल्यावर वाळली की ब्रशने उलटीकडून विंचरून मोकळी करा.

मशीन टेबलावर ठेवताना पॅडवर उभं करू नका. रात्रभरात फोमला एका बाजूला चपटा डाग पडतो आणि सकाळी मशीन डुलतं. दोष मशीनचा वाटतो.

बिघडलं तर कुठे बघायचं

मशीन अचानक थरथरायला लागलं तर पॅड काढून नुसती प्लेट चालवून बघा. थरथर गेली तर पॅड मधोमध नव्हता किंवा ओला होता. नाही गेली तर प्लेट वाकडी आहे, किंवा डीएत प्रतिवजन जुळत नाही. प्लग काढून प्लेट दोन्ही हातांनी धरा आणि वरखाली डुलवा. खटखट ऐकू आली तर आधी आटे घट्ट आहेत का बघा. ते घट्ट असूनही आवाज येत असेल तर बेअरिंग गेलं.

पॅड वारंवार सुटत असेल तर नखाने प्लेटचे हुक चाचपा. कडेचे ताठ आणि मधले चपटे, चकाकणारे झाले असतील तर ते तापून वितळले आहेत. ब्रशने धूळ-तंतू काढून एकदा प्रयत्न करा, पण वितळलेला हुक परत उभा राहत नाही. हुक ठीक असतील तर पॅडच्या पाठीचं कापड झिजलं असेल. एका नव्या पॅडने खात्री करून घ्या, म्हणजे प्लेट टाकायची की पॅड ते ठरेल.

डीए सपाट बॉनेटवरही थांबत असेल, दाब योग्य असेल आणि रेघ तरीही स्थिर दिसत असेल, तर पॅड जाड आहे, भरला आहे किंवा प्लेट आवरणाला घासते आहे. या तिन्हीत घासणारी प्लेट आधी तपासा, ती मशीन तापवते.

प्लेट वर्षभर रोज वापरात असेल तर गादी आणि फायबर यांच्या सांध्यावर नजर ठेवा. कड वाकवली की तिथे बारीक चीर उघडताना दिसते. चीर दिसली की त्याच दिवशी प्लेट फेकून द्या. फेविक्विकने चिकटवून चालवू नका, कारण फिरताना ती सुटली तर गादी पॅडसकट उडते आणि उरलेली कडक चकती सरळ रंगावर बसते.